चालू गिरणीतला कार्डिओग्राम

माझी सायकल गल्लीत शिरली की लोक माझ्याकडे बघत नसत, ती कोणाच्या दारापुढे थांबते ते बघत. मागच्या कॅरियरवर चामडी पट्ट्यांनी बांधलेली पेटी असायची. जुन्या नाशकात त्या पेटीला बरीच नावं होती. कोणी नुसतं ‘मशीन’ म्हणे, पोरं ‘करंटची पेटी’ म्हणत, आणि भद्रकालीतल्या एका म्हातारीने तिचं नाव ‘बोलावणं’ ठेवलं होतं. आज बोलावणं कोणाकडे चाललंय, असं ती ओट्यावर बसून मलाच विचारायची. मी हसून पॅडल मारायचो. ते हसू काही खरं नसायचं, कारण मी थांबायच्या आधीच ती दार ओळखायची.

मी माणसांच्या हृदयाचे कार्डिओग्राम काढत असे. सकाळ-संध्याकाळ एका डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यात, आणि मधल्या वेळात ज्यांना दवाखान्यापर्यंत येववत नाही त्यांच्या घरी. सत्तरच्या दशकात नाशकात अशी मशिनं मोजकीच होती, त्यामुळे माझी सायकल पंचवटीपासून नाशिकरोडपर्यंत फिरायची. काम वरून दिसायला सोपं. रोग्याला उताणं निजवायचं, दोन्ही मनगटांना आणि घोट्यांना गार जेली लावून धातूच्या चकत्या रबरी पट्ट्यांनी बांधायच्या, छातीवर रबरी फुग्याची छोटी वाटी एकेका जागी चिकटवायची. मग मशिनीची तापलेली सुई कागदाच्या लांब पट्टीवर रेघ ओढत जाते. हृदय जे करतं ते सुई लिहिते, मला लिहावं लागतं ते फक्त रोग्याचं नाव. एक तार मशिनीपासून नळाला जोडायची, म्हणजे फालतू वीज जमिनीत उतरते. तेवढं करूनही शेजारी मोठी मोटर चालू असली तर तिची थरथर रेघेत शिरते, रेघ सुरवंटासारखी केसाळ होते आणि आतलं हृदय दिसेनासं होतं.

पट्टी वाचणं माझं काम नव्हतं, ते डॉक्टरसाहेबांचं. पण रोज डोळ्यांपुढून तेच गेलं की जे कळायचं ते कळतंच. रोगी सुईकडे बघत नाही, सुई बघणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. म्हणून मी तोंड कोरं ठेवायला शिकलो. पुढे पुढे तर घरीही तसाच बसायला लागलो, तेव्हा बायको म्हणाली, हे तोंड दवाखान्यात ठेवून येत जा.

मी बौद्ध वस्तीतला. माझ्यापुढे शर्टाची बटणं बिनदिक्कत सोडणाऱ्या काही घरांत पाणी मात्र मला वेगळ्या पेल्यात मिळालं. मी तहान नाही म्हणायचो आणि जेली अंमळ जास्तच गार लावायचो. एवढा सूड माणसाने घ्यावा. बाकी पट्टीवर मला कधी जात दिसली नाही. दिसल्या त्या दोनच जमाती, नोकरीवाले आणि धंदेवाले.

नोकरीवाल्याच्या दुखण्याला तारीख असते. परवा, जेवणाच्या सुट्टीनंतर, असं तो नेमकं सांगतो, कारण त्याच वेळी त्याने साहेबाला सांगितलेलं असतं आणि साहेबाने त्याला घरी धाडलेलं असतं. त्याच्याकडे गेलो की धुतलेली चादर, उशाशी तांब्या, पायथ्याशी काळजी करणारी मंडळी. माझी पेटी बघून तो घाबरायचा, पण त्याला सुटल्यासारखंही वाटायचं. आता कागदावर येईल, कागदावर आलं की रजा, रजा आली की उपचार. सातपूरला कारखाने वाढले तसे काही ठिकाणी चाळिशीपुढच्या कामगारांचे दरवर्षी कार्डिओग्राम काढायला लागले. मी कॅन्टीनमध्ये दोन बाक जोडून बसायचो. माणसं चेष्टा करत रांगेत यायची, बनियन वर करायची, आत कोणाचं नाव निघतंय का बघा म्हणायची. त्या रांगेत काहींची अशी दुखणी सापडली की खुद्द त्या माणसालाच पत्ता नव्हता. त्यांच्यावर वेळेत उपचार झाले आणि ती माणसं पुढे चांगली जगली.

त्याच रांगेत एकदा एक फिटर आला, कपडे इस्त्रीचे, केस चापून बसवलेले. मी पट्टी काढली, नाव लिहिलं. तो गेल्यावर सुपरवायझर म्हणाला, हे तर केव्हाच निवृत्त झाले, गेटवरच्याने जुन्या ओळखीने सोडलं असेल. पुढच्या वर्षी तो पुन्हा आला. मी पट्टी काढली. त्याच्या पुढच्या वर्षी तो आला नाही, पण रांगेत एका जागी एक माणूस मावेल एवढी फट होती. मी पुढे सरका म्हटलं, तर फटीमागचा म्हणाला, "सरकतो. ती त्यांची जागा." तो सरकला, पण बाकावर पडल्यावर त्याच्या अंगावर आलेला काटा मला दिसला.

धंदेवाल्याच्या दुखण्याला तारीख नसते. केव्हापासून दुखतंय विचारलं की तो आधी दाराकडे बघतो, गिऱ्हाईक तर ऐकत नाही ना. मग म्हणतो, दुखत नाही, जरा दाबतं. हे लोक मला मागच्या दाराने बोलवायचे. आजारी शिंप्याकडे दिवाळीचं कापड कोणी टाकत नाही, हे त्यांना डॉक्टरपेक्षा पक्कं ठाऊक. मेन रोडच्या मागे एक शिंपी होता, त्याच्याकडे मी पेटी गोणपाटात घालून, वर मेथीची जुडी ठेवून नेली. तो कापड कापायच्या टेबलाखाली चटईवर निजला, पुढे पडदा सोडला. मी खाली वाकून वाट्या लावतोय तोच गिऱ्हाईक आलं आणि मास्तर कुठे आहेत म्हणून विचारायला लागलं. टेबलाखालून आवाज गेला, "इथंच आहे, बोला." तो माणूस असा दचकला की कापड टाकून गेला, पुन्हा ते न्यायलाही आला नाही. शिंप्याला माझाच राग आला.

आणि मखमलाबादची एक फुलवाली. दवाखान्यात आली तीच डोक्यावर पाटी घेऊन. टेबलावर निजली तरी तिच्या हातात सुईदोरा आणि पोटावर शेवंती. हात हलले की रेघ हलते, म्हणून मी तिला हात स्थिर ठेवायला सांगितलं. ती म्हणाली, "ज्याचे हार हायेत तो थांबलाय. मी कशाला थांबू?" ते हार तिरडीचे होते. मी ते उचलून बाजूला ठेवले, तेव्हा कुठे पट्टी काढता आली. संध्याकाळपर्यंत माझ्या हातांना शेवंतीचा वास होता आणि मला डबा खावेना.

आता सोपानरावांचं सांगतो. हे लिहायचं ते खरं तर त्यांच्यासाठीच.

गंगेकडे, म्हणजे गोदावरीकडे, उतरणाऱ्या एका गल्लीत सोपानरावांची पिठाची गिरणी होती. माणूस मूळचा कळवणकडचा. चाळिशीच्या अलीकडचा, उंच, हाडापेराने दणकट, भुवया पिठाने कायम पांढऱ्या. बायको पारूबाई, दोन पोरी, आणि तिसऱ्या खेपेला पारूबाईंना दिवस गेलेले. पुढे गिरणी, मध्ये एक भिंत, मागे राहायची खोली. सकाळी मोटर सुरू झाली की दिवे लागेपर्यंत गल्लीत तिची घरघर असायची. गल्लीतली माणसं त्या आवाजावरूनच मोठ्याने बोलायला शिकली होती.

या गिरणीचा एक रिवाज होता. गल्लीत कोणी गेलं की सोपानराव चालती गिरणी बंद करत, आणि तिरडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत सुरू करत नसत. त्यांच्या आधीच्या मालकानेही तेच केलेलं. आठवड्याच्या सुट्टीला गिरणी सकाळपासूनच बंद, त्याचं कोणाला काही नव्हतं. वीज गेली तर घराघरांतले रेडिओही गप्प व्हायचे, तेही कळायचं. पण रेडिओ चालू आहे आणि भर दुपारी गिरणी मध्येच थांबली, तर बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या आणि एकमेकींना विचारायच्या, कोण?

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. एका दुपारी पारूबाई दवाखान्यात आल्या, पदराला पीठ, दम लागलेला. मालकांना घाम फुटलाय, डावा हात जड पडलाय, पण दळणं पडलीत म्हणून येत नाहीत, म्हणाल्या. डॉक्टरसाहेबांनी मला पुढे पाठवलं. मी गेलो तेव्हा सोपानराव गिरणीपुढे उभेच होते. पिठावरून घामाचे ओघळ खाली आले होते, तेवढंच काय ते अंग सावळं दिसत होतं. मी म्हटलं, मोटर बंद करा, आडवे व्हा. ते म्हणाले, आडवा होतो, मोटर राहू द्या.

गिरणीतच भरलेल्या पोत्यांची थप्पी होती, तिच्यावर ते निजले. दळणाला पारूबाई उभ्या राहिल्या. मी सगळं बांधून सुई सोडली, तर नुसती केसाळ रेघ. त्यांना पट्टी दाखवली आणि सांगितलं, हे तुमचं हृदय नाही, ही तुमची गिरणी आहे; ती थांबल्याशिवाय तुम्ही मला दिसणार नाही. त्यांनी बराच वेळ त्या रेघेकडे बघितलं. मग पारूबाईंना मान हलवून खूण केली.

मोटर बंद झाली, पट्टा फटफट करत मंद झाला. मी त्यांना बजावलं, आता बोटसुद्धा हलवायचं नाही, बोलायचं नाही, श्वास हळू घ्या. सुई चालू लागली आणि बाहेर गल्ली शांत झाली. शेजारचा रेडिओ कोणीतरी बंद केला. मग चपला वाजल्या. कोण, कोण, असं कुजबुजत बायका दारापर्यंत आल्या. त्यांना दिसलं ते एवढंच, की पोत्यांवर सोपान पांढराफटक निजलाय, डोळे उघडे, हातापायांना पट्ट्या बांधल्यात आणि पारूबाई तोंडाला पदर लावून उभी आहे. समोरच्या गंगूमावशींनी पहिला हंबरडा फोडला. त्याचं नाव घेऊन, त्याचे गुण सांगून त्या रडू लागल्या, आणि मागच्या दोघीतिघींनी त्यात सूर मिळवला.

सोपानराव हलले नाहीत. मीच तसं सांगितलं होतं ना. छताकडे बघत ते स्वतःवरचं रडणं ऐकत राहिले. माझ्या हाताखाली सुई मात्र उड्या मारत होती. शेवटची पट्टी काढून मी झालं म्हटलं आणि ते उठून बसले. बायका अशा पांगल्या की दारात एक चप्पल तशीच राहिली.

तुम्हाला वाटेल, यावर गल्ली हसली असेल. कोणी हसलं नाही. दारात लावलेल्या डब्यांपैकी एक डबा त्याच संध्याकाळी परत गेला, पोरं भुकेली आहेत म्हणून. दुसऱ्या दिवशी आणखी दोन गेले. कोणी तोंडाने काही बोललं नाही, पण ज्याला आपण एकदा रडलो त्याच्या हातचं पीठ मळायचं, हे बायकांना जड जात होतं. गंगूमावशी तर समोरून जाताना मान खाली घालायच्या.

इकडे पट्टी वाचून डॉक्टरसाहेबांनी कपाटातून दुसरी एक पट्टी काढली. ती होती सोपानरावांच्या थोरल्या भावाची, महादूभाऊंची. ते मनमाडला रेल्वेत होते. आदल्या वर्षी त्यांनाही झटका आलेला, तेव्हा ते दाखवायला नाशकात आले होते आणि मीच त्यांची पट्टी काढली होती. डॉक्टरसाहेबांनी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या आणि म्हणाले, नावं झाकली तर कोणती कोणाची ते मला सांगता यायचं नाही. जखम एकच, जागाही एकच. महादूभाऊ मात्र दवाखान्यात राहिले, मग भरपगारी रजेवर घरी पडून राहिले, परत गेले तेव्हा खुर्चीतलं काम मिळालं. आता ते सकाळी फिरायला जात होते. धाकट्याला डॉक्टरसाहेबांनी तेवढंच सांगितलं, दीड महिना अंथरुणावर. सोपानराव म्हणाले, "मी निजलो की गल्ली म्हणंल, गेला. गिरणी चालू हाय तवर मी हाय." आणि जाऊन त्यांनी मोटर सुरू केली.

त्या दिवसांत मी मुद्दाम त्या गल्लीतून सायकल काढायचो. लांबून घरघर ऐकू आली की बरं वाटायचं आणि जवळ गेलो की वाईट वाटायचं. उभ्या उभ्या ते डबे उचलत, वर ओतत, अधूनमधून भिंतीला टेकत. डबे दिवसेंदिवस कमी होत होते. गिरणी रिकामी फिरवली तर दगडाला दगड घासून खराब होतो, म्हणून ते एकच घरचं दळण पुन्हा पुन्हा टाकायचे, केवळ आवाज राहावा म्हणून. ते पाहून मला धडकी भरली आणि मी डॉक्टरसाहेबांना सांगितलं. त्यांनी मनमाडला निरोप धाडला.

महादूभाऊ सकाळच्या गाडीने आले, हातात कापडी पिशवी आणि पेटलेली विडी. ती विडी डॉक्टरसाहेबांनी दवाखान्याच्या दारातच विझवायला लावली. स्वभाव मोकळा, बोलणं ऐसपैस. भावाला दम देऊन मागच्या खोलीत निजवलं, आणि स्वतः त्याचा जुना सदरा चढवून डोक्याला फडकं बांधलं. डॉक्टरसाहेबांना सांगितलं, मी नुसता बसून लक्ष ठेवीन, उचलायला हमाल लावीन. हमाल दोन दिवस आला. तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा महादूभाऊ एकटेच डबे ओतत होते, नखशिखांत पांढरे. बांधा आणि आवाज दोघांचा सारखाच, त्या पांढऱ्यात मला दोन भावांतला फरक दिसेना. मी सोपानराव म्हणून हाक मारली आणि त्यांनी ओ दिली.

गल्लीचंही तेच झालं. लांबून बघणाऱ्यांना वाटलं, सोपान खडखडीत बरा झाला, उगीच आपण भलतं मनात आणलं. डबे परत आले. बायका सोपाना, माझं आधी टाक म्हणायच्या आणि महादूभाऊ टाकतो, टाकतो म्हणायचे. त्यांना गंमत वाटायची. मागच्या खोलीत सोपानराव भिंतीकडे तोंड करून ऐकत असायचे. एकदा मला म्हणाले, बाहेर माझं नाव घेतात, कोणीतरी ओ देतं आणि मी इथं निजलेला असतो. मी हाय का नाय तेच मला कळंना झालंय. मी त्यांच्या हाताला हात लावला, तेवढंच मला सुचलं.

महादूभाऊंना मी स्पष्ट सांगितलं. तुमची पट्टी मी काढलीय, भावाचीही काढलीय, दोन्ही सारख्याच आहेत, हे काम तुमचंही नाही. ते माझ्या खांद्यावर पिठाचा हात ठेवून हसले. "आवो, मी रजेवर हाय. लय साठली व्हती, वायाच चालली व्हती." हे ते थट्टेने म्हणत नव्हते. एवढ्या वर्षांच्या नोकरीत रजा म्हणजे आराम, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. अर्ज मंजूर झालाय, म्हणजे विश्रांती चाललीय, मग डबे कितीही उचलले तरी. असली चूक फक्त नोकरीवालाच करू जाणे. भावाला वाटे, गिरणी चालू आहे तोवर आपण जिवंत, आणि याला वाटे, रजा चालू आहे तोवर आपल्याला काही होत नाही.

दीड महिना संपत आला होता. दुपारची वेळ. मागच्या खोलीत सोपानरावांना गिरणीचा आवाज बदललेला कळला. वरचं धान्य संपलं होतं आणि दगड रिकामे फिरत होते. असं महादूभाऊ कधी होऊ देत नसत. सोपानरावांनी हाक मारली, ओ आली नाही. ते उठून पुढे आले. महादूभाऊ थप्पीला पाठ लावून खाली बसले होते, मान छातीवर, मांडीवर एक रिकामा डबा.

माणसाने अशा वेळी काय करावं? सोपानरावांनी आधी दुसरा डबा उचलून वर ओतला. आवाज पुन्हा भरला. मग भावाला एकट्याने उचलून पोत्यांवर निजवलं आणि पारूबाईंना मागच्या दाराने आमच्याकडे पाठवलं. पेटी घेऊन मी आणि डॉक्टरसाहेब स्कूटरवरून पोचलो तेव्हा गल्लीत नेहमीची दुपार होती. बायका ओट्यावर निवडत बसल्या होत्या, गिरणी नीट चालू होती, आणि दारात डब्यांची रांग.

आत सोपानराव गिरणीच्या यंत्राला लागून उभे होते, ओंजळीने धान्य सोडत. डॉक्टरसाहेबांनी महादूभाऊंच्या छातीला नळी लावली, पण त्या घरघरीत नळीत काय ऐकू येणार. त्यांनी पापणी वर करून पाहिली आणि सोपानरावांना मोटर बंद करायला सांगितलं. ते वळलेच नाहीत. पुन्हा सांगितलं, तरी नाही. तेव्हा डॉक्टरसाहेब मला म्हणाले, लाव.

मी ओल्या फडक्याने मनगटं पुसली. पिठाखाली माणसाची साधी सावळी कातडी होती, अजून कोमट. जेली लावली, चकत्या बांधल्या, सुई सोडली. आणि सुई थरथरायला लागली. बारीक, दाट, न थांबणारी थरथर. मशिनीतून पट्टी बाहेर येत राहिली. एवढ्या वर्षांत मी मेलेल्या माणसांच्या पट्ट्या काढल्या होत्या, त्या सरळ असत. ही सरळ नव्हती. मला सगळं माहीत असूनही एक क्षण मी महादूभाऊंच्या तोंडाकडे बघितलं.

सोपानराव माझ्या खांद्याशी येऊन उभे राहिले होते. "हालतंय," ते म्हणाले. "हालतंय ना?"

मी म्हटलं, "सोपानराव, ही गिरणी आहे."

"ठावं हाय मला." त्यांनी सुईवरची नजर काढली नाही. "ऱ्हाऊ द्या तसंच थोडं."

मी राहू दिलं. पट्टी जमिनीवर वेटोळ्यांनी साचत गेली, तिच्यावर पीठ बसत होतं. गिरणीत आम्ही चौघं होतो आणि चौघांपैकी तीनच श्वास घेत होते, तरी सुईला ते कळत नव्हतं. बाहेरून कोणीतरी हाक दिली, सोपाना, माझं झालं का रे. त्या हाकेला ओ द्यायला आता एकच भाऊ उरला होता, आणि त्याला ती देता येईना.

मग सोपानराव मोटरीकडे वळले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने खटका खाली ओढला. पट्टा मंद होत गेला, दगड थांबले. सुईची थरथर विरली आणि रेघ सरळ झाली. मी मशीन चालूच ठेवलं. बाहेर निवडणं थांबलं, सुपं खाली ठेवल्याचे आवाज आले, चपला वाजल्या. गंगूमावशी सगळ्यांच्या पुढे होत्या. दारातून त्यांना पोत्यांवरचा पांढरा देह दिसला आणि त्या जागच्या जागी खाली बसल्या. सोपाना, म्हणून त्यांनी गळा काढायला सुरुवात केली होती, तेवढ्यात सोपानराव त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. दीड महिन्यात गल्लीने त्यांना पीठ नसलेलं प्रथमच पाहिलं.

"मी नाय, मावशे," ते म्हणाले. "दादा."

बायकांनी पारूबाईंना सावरून शेजारी नेलं. निरोप मनमाडला गेला. डॉक्टरसाहेब सोपानरावांना मागच्या खोलीत घेऊन आले, आडवं व्हा म्हणाले. उठून डबा उचललाय, भावाला एकट्याने उचललंय, आता तुमचंही बघायला हवं. त्यांनी वाद घातला नाही. मी त्यांना चकत्या बांधल्या. रेघ स्वच्छ आली. तशी स्वच्छ रेघ तिथे मला एकदाच मिळाली होती, बायकांच्या रडण्यातली. डॉक्टरसाहेबांनी पट्टी मागच्या दारातल्या उजेडाला धरली आणि फार वेळ धरून ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, जखम भरलीय, छान भरलीय, विश्रांतीने काम केलं.

सोपानराव छताकडे बघत पडून होते. पुढे गिरणीत बायकांचं रडणं सुरू झालं होतं, या खेपेला खऱ्या नावाने.

"रजा दादाची," ते म्हणाले, "आन् लागू पडली मला."